सगळे बसल्यावर मीठ

दमणीला बैल जुंपले होते. माझी ट्रंक, दोरीने बांधलेल्या दोन पेट्या आणि वळकटी असं सगळं आत चढलं होतं, दादा कासरा धरून उभा होता, आणि आई अजून स्वयंपाकघरात मेथी चिरत होती. त्रेपन्न सालचा पौष. वैशाखात माझं लग्न झालं होतं. हे विमा कंपनीत नोकरीला होते आणि लग्नानंतर दोनच महिन्यांत त्यांची बदली थेट जयपूरला झाली होती. तिथे बिऱ्हाड मांडून ते मला न्यायला आमच्या गावी, यावलजवळ, आले होते. आता अंगणात ते घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होते. भुसावळची गाडी चुकली की खांडव्याची चुकणार, आणि खांडव्याची चुकली की पुढची अजमेरकडची छोटी गाडीही चुकणार, हे त्यांनी सकाळपासून सगळ्यांना ऐकवलं होतं.

अखेर परातीत घोळाणा तयार झाला. कोवळी मेथी, पातीचा कांदा, दाण्याचं कूट आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. मीठ तेवढं राहिलं होतं. पाट मांडले होते, पण बसायला कोणी येत नव्हतं. "दोन घास खा आणि मग जा," ती म्हणाली. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी चपला घातल्या. निघताना दही हातावर ठेवायचं असतं, ते वहिनीने ठेवलं, कारण आईच्या चिमटीत मीठ होतं. ती तशीच दारापर्यंत आली. दमणी वळणावर गेली तेव्हाही तिचा तो हात तसाच होता, बोटं मिटलेली.

खानदेशाबाहेरच्यांना घोळाणा म्हणजे काय ते सांगायला हवं. काही नाही, कच्च्या पाल्याची कोशिंबीर. मेथी, हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, जे शेतात कोवळं असेल ते. धुऊन निथळायचं, बारीक चिरायचं, तेल-तिखट-जिरं-लसूण ओतायचं आणि बोटांच्या टोकांनी घोळायचं. चुरायचं नाही. चुरलं की पाला रडतो, असं आई म्हणायची. आणि मीठ अगदी शेवटी, सगळे पानावर बसल्यावर. कारण मीठ पडलं की पाल्याला पाणी सुटतं, आणि मग ते घोळाणा राहत नाही, ओलं गवत होतं.

या एका गोष्टीमुळे आमच्या घरात एक रीत पडली होती. एरवी आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, आणि बायका शेवटी, उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी. पण घोळाण्याच्या दिवशी बायकाही त्याच पंगतीत बसायच्या. मागाहून खायला घोळाणा उरतच नाही ना. आजोबांनासुद्धा यात काही वावगं वाटलं नाही. हिवाळ्याच्या त्या दिवसांत आई मुलांच्या शेजारी पाट घ्यायची, मधोमध परात असायची, ती एकवार सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "बसले सगळे?" मग मीठ. वर्षभरात आईला सर्वांबरोबर जेवताना मी पाहिलं ते एवढंच.

जयपूरला आम्ही जौहरी बाजारामागच्या एका रस्त्यात राहायला गेलो. तिथे गल्लीलाही 'रास्ता'च म्हणतात. घर तीन मजली, आम्ही सर्वांत वर. खाली घरमालकीण, मांजी. जैन, विधवा, पांढऱ्या धोतीतली, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. पहिल्याच दिवशी त्यांनी जिन्याच्या तळाशी उभं राहून नियम सांगितला. "कांदा-लहसुन ये सीढ़ी नहीं चढ़ेगा, बहूजी. बाकी घर तुम्हारा." मी मान डोलावली आणि वर येऊन रडले. कांदा नाही, लसूण नाही, म्हणजे मी इथे जेवायचं तरी काय? हे म्हणाले, "अगं, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. बदली होईलच."

बदली होईलच. या दोन शब्दांनी माझी पुढची कितीतरी वर्षं खाल्ली. दर मार्चमध्ये बदलीची हवा उठायची, जूनपर्यंत विरायची. बरोबर आणलेल्या त्या दोन पेट्या मी उघडल्याच नाहीत. पितळी भांडी, जरीच्या साड्या, आईने दिलेली गोधडी, सगळं दोरीने बांधलेलं. पेट्यांवर चादर टाकून त्यांचा बाक केला होता. पाहुणे माझ्या संसारावर बसायचे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू निदान चालत तरी राहतो. मी एका जागी बसून निघायच्या तयारीत होते. दुपारी घरात कोणी नसलं की खिडकीपासून गच्चीपर्यंत आणि गच्चीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचे. गुलाबी भिंती, त्यांवर कबुतरं, खाली रंगरेजांची वाळत टाकलेली लुगडी. हे सगळं सुंदर आहे हे मला कळायचं, आणि त्याचाच राग यायचा. मला ते आवडून घ्यायचं नव्हतं.

तिथली मेथी मात्र छान निघाली. हिवाळ्यात जवळच्या चौमूं गावाहून एक मालन डोक्यावर टोपली घेऊन यायची, दवाने भिजलेल्या जुड्या असायच्या. पहिल्या थंडीत मला राहवलं नाही. लसणाच्या जागी हिंग घातला, कांद्याच्या जागी कोथिंबीर. तरी काहीतरी कमी पडत होतं. मांजी कधी नव्हे त्या जिना चढून वर आल्या, परातीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "ये तो बकरियों का खाना है." मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, बकरी हुशार असते मांजी, ती शिजवून सत्त्व घालवत नाही. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. थोड्या वेळाने खालून एका वाटीत काचरीची पूड पाठवली. काचरी म्हणजे तिथलं रानातलं लहानसं आंबट फळ, वाळवून कुटलेलं. मांजींच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काही खायचं नाही असा नेम होता, म्हणून वाळवलेल्या भाज्यांच्या बरण्याच बरण्या. ती चिमूटभर पूड गरम तेलात हिंग-जिऱ्याबरोबर पडली आणि मेथीला अशी काही चव आली की मी परातीपाशीच उभी राहून खाल्लं. हा आईचा घोळाणा नव्हता. पण वाईटही नव्हता, आणि हे कबूल करताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यानंतर घोळाणा असला की मी मांजींना हाक मारू लागले. त्या आपलं ताट खालून घेऊन यायच्या, कारण आमच्या भांड्यांतलं त्या खात नसत. घोळाणा तेवढा आपल्या वाटीत वाढून घ्यायच्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे जिना चढायला वेळ लागायचा. हे पानावर बसून चुळबुळ करायचे, आणि मी चिमटीत मीठ घेऊन जिन्यावरची पावलं ऐकत राहायचे. छप्पन साली मीना झाली. मग तीही रांगत त्या पंगतीत आली. मी हे काही ठरवून केलं नव्हतं. मला वाटायचं, दिवस ढकलतेय.

माहेरी जाणं व्हायचं ते उन्हाळ्यात. यांची रजा तेव्हा, पुढे मीनाची शाळाही तेव्हाच बंद. मे महिन्यात आमच्याकडे मेथी कुठली? आंबे असायचे, रसाच्या वाट्या असायच्या, लाड असायचे. मला वर्षानुवर्षं काही कळलंच नाही. मीना दोन-तीन वर्षांची असेल, तेव्हा एकदा वहिनी भांडी घासता घासता बोलून गेली. तू गेलीस त्या दिवसापासून आईंनी घोळाणा खाल्लेला नाही. दर थंडीत करतात, सगळ्यांना बसवतात, मीठही स्वतः घालतात, आणि उठून चुलीपाशी जातात. मागून सगळ्यांचं झालं की भाकरीबरोबर चटणी खातात.

मी तशीच आईसमोर जाऊन उभी राहिले. ती वाल निवडत होती. विचारलं तर वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी तू बसली नाहीस. ती पंगत पुरी व्हायची आहे अजून."

मला इतका संताप आला. कोणी मागितला होता हा नेम? माझ्या पायाला दोरी बांधून ती इथल्या खुंटीला अडकवून ठेवायची, आणि वर तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. वर्षातली तिची तेवढीच तर बैठक होती सगळ्यांबरोबर, तीही तिने माझ्या नावाने सोडून दिली. मी म्हटलं, आई, हे सोड. ती म्हणाली, "थंडीत ये. एक दिवस ये."

थंडीत ये. सांगायला सोपं होतं. एका हिवाळ्यात मीनाला गोवर निघाला. एका हिवाळ्यात यांची रजा मंजूर होऊन रद्द झाली, तिकिटं परत केली. एकदा मीच आजारी पडले, पोटातलं मूल गेलं आणि बरेच दिवस अंथरुणातून उठले नाही. दर पौषात चौमूंची मालन हाक द्यायची. घोळाणा करायचे, चिमटीत मीठ घ्यायचे, आणि वाटायचं की तिकडे ती आत्ता उठली असेल. चुलीपाशी जाऊन पाठ फिरवून बसली असेल. मीना विचारायची, "मम्मी, रुकी क्यों हो?" तिला आई म्हणायला शिकवलं होतं, पण शाळेने मम्मी शिकवलं.

मग बासष्टच्या हिवाळ्यात दादा आईला घेऊन आला. तिला पुष्करचं स्नान घडवायचं होतं, तिथून पुढे चार दिवस जयपूर. मला कळलं त्या दिवसापासून मी वेड्यासारखी घर झाडत सुटले. मनाशी हिशेब सोपा होता. ती इथे, मी इथे, मेथी इथे. नेम सुटला. मी मालनला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की उद्या कोवळ्यातली कोवळी आण, माझी आई आली आहे. तिने भावसुद्धा सांगितला नाही.

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून माझं चिरणं बघत होती. हिंग बघितला, काचरी हुंगली. "लसूण?" मी सांगितलं, या जिन्याने लसूण चढत नाही. "बरं," म्हणाली. मग जराशाने म्हणाली, "मला वाढू नकोस हो यातलं."

माझी विळी थांबली. ती शांतपणे सांगत होती. पंगत तिच्या घरी मोडली होती, तिथेच पुरी होईल. इथे ती पाहुणी. पाहुणं म्हणून गेलेल्या घरी कुठे नेम सोडतात?

"म्हणजे हे घर नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

ती पेट्यांकडे बघत होती. चादर सरकून दोरीची गाठ दिसत होती. ती गाठ तिनेच मारली होती, निघायच्या आदल्या दिवशी. "तूच सांग," ती म्हणाली. "मी तर अजून बांधलेल्याच बघतेय."

 राग होताच, पण कोणावर धरावा ते कळेना. नऊ वर्षं मी ज्याला त्याला सांगत आले होते की आम्ही इथले नाही. मांजींना, शाळेतल्या बाईंना, मालनला. त्यावर खरंच विश्वास ठेवणारी आई पहिलीच निघाली. मी मान खाली घालून मेथी चिरत राहिले, आणि आई उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वाढायला उभी राहायची तशी.

रविवार होता, हे घरीच होते. हे आणि दादा पानावर येऊन बसले. मीना बसली. मी फोडणी ओतली, घोळून घेतलं, परात मधोमध आणून ठेवली आणि चिमटीत मीठ घेतलं. दादाला कडकडून भूक लागली होती. त्याने परातीकडे हात पुढे करून म्हटलं, टाक गं सुमे मीठ.

"अभी नहीं, मामा," मीना म्हणाली. सहा वर्षांची पोर, पण सुरात अशी जरब की दादाने हात मागे घेतला. "मांजी सीढ़ी पर हैं. सब बैठे नहीं ना."

दाराशी उभी असलेली आई वळली. तिला हिंदी फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं. तिने मीनाला मराठीत विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? मीनाला तो प्रश्नच कळला नाही. "कोणी नाही, नानी. मतलब, असंच असतं." मग समजावल्यासारखं करून तिने आजीला सांगितलं की पानी छूट जाता है, म्हणून.

मांजी वर आल्या. एका हातात कठड्याचा आधार, दुसऱ्या हातात त्यांचं ताट. ताटात बाजरीची रोटी आणि सांगरीच्या वाळवलेल्या शेंगांची भाजी. मी म्हटलं, मांजी, वाटी नाही आणली? त्या म्हणाल्या, आज आठम, म्हणजे अष्टमी आहे, हिरवं चालत नाही. मग बसायला का आलात एवढे जिने चढून, असं दादाच्या तोंडावर दिसलं असावं, कारण मांजींनी त्याच्याकडे बघून सांगितलं, "खाऊँगी नहीं. पर मैं न बैठूँ तो ये नमक ही नहीं डालती. सब भूखे बैठे रहेंगे."

आणि त्या बसल्या. गुडघा हाताने सरळ करत, हळूहळू, नेहमीच्या जागी.

आई त्यांच्याकडे बघत होती. ज्या बाईला ती पहिल्यांदाच भेटत होती, जिच्या पानात हिरवं पान पडणार नव्हतं, ती नेमाने जिना चढून माझ्या पंगतीत येऊन बसली होती.   भिंतीला टेकवलेला पाट तिने ओढला, मीना आणि माझ्या मधे ठेवला आणि पदर सावरून बसली. तिची नजर एकदा सगळ्यांवरून फिरली, अगदी पहिल्यासारखी.

"टाक मीठ," ती म्हणाली.

मी चिमूट सोडली, थोडं मीठ परातीबाहेरही सांडलं. मी रडले, लपवलं नाही. आईने पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाली की लसूण हवा होता. मग दुसऱ्यांदा घेतला.

त्या रात्री ती झोपल्यावर मी एका पेटीची गाठ सोडली. दुसरी तशीच ठेवली. माणूस एकदम बदलत नाही.

आई परत गेली. पुढच्या हिवाळ्यात दादा कामासाठी दिल्लीला जाताना एक दिवस उतरला, तेव्हा त्याने सांगितलं. आई आता पंगतीत बसते. मीठ चिमटीत धरते, सगळ्यांकडे बघते, आणि मग विचारते, "जयपूरची बसली असतील ना?" कोणीतरी हो म्हणायचं, मग ती मीठ टाकते. दादा हसत सांगत होता. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही, कारण गेल्या काही महिन्यांत मीही इथे तसंच मनातल्या मनात विचारू लागले होते. यावल इथून किती दूर आहे ते खांडव्याची गाडी चुकलेल्यालाच ठाऊक. पण दुपारच्या त्या घटकेला मला ते जिन्याइतकंच लांब वाटायचं.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. गेली तीही उन्हाळ्यात.

आणि गेल्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. जळगाव. जिच्यासाठी मी पंधरा-सोळा वर्षं मार्च मोजले, ती बदली. हे पेढे घेऊन आले. मीना खोलीचं दार लावून बसली, तिच्या मैत्रिणी इथे, तिचं सगळं इथे, तिचं मराठी अजून अडखळतं. मी पेढा खाल्ला आणि पुन्हा खिडकीपासून गच्चीपर्यंत फेऱ्या मारायला लागले, पहिल्या वर्षी मारायचे तशाच. तिकडे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना वाटत असेल, सुमी घरी येतेय. आणि माझ्यासारख्याच ज्या दूर गेल्या, त्यांना कळेल की मला का झोप नाही. ज्या घरी परत जायचं म्हणून मी इथे बूड टेकलं नाही, त्या घरात आता मीठ धरून बसणारं कोणी नाही. आणि इथे, जिथे मी फक्त दिवस ढकलत होते, तिथे कोणीतरी माझ्यासाठी जिना चढतं. मला वाटतं घर एवढंच असतं. जिथे तुम्ही आल्याशिवाय मीठ पडत नाही, आणि जिथे तुम्ही दुसऱ्यासाठी मीठ थांबवता. ते जळगावला लगेच मिळेल का, मला माहीत नाही. मला भीती वाटते.

आज सकाळी मालन आली होती. तिला अजून सांगितलेलं नाही. मेथी चिरून झाली, काचरी घातली, फोडणी ओतली. हे पानावर बसलेत आणि घड्याळाकडे बघताहेत. मीनाही दार उघडून आली, डोळे सुजलेले, पण आपल्या जागी बसली. मी मनातल्या मनात यावलला विचारून घेतलं. नेहमीसारखं, उत्तराची वाट न बघता.

मांजींना आता फार वेळ लागतो. मधल्या मजल्यावर थांबून त्या दम घेताहेत, मला ऐकू येतंय. माझ्या चिमटीत मीठ आहे.